साधं की काचवालं

"दाजी, अहो भाजेल!"

मी तो चहाचा ग्लास फडक्यात धरून आणला होता, आणि दाजींनी तो टेबलावरून उचलून सरळ मुठीत घेतला.

"आं?" त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सावकाश कडेला धरून खाली ठेवला. "अगं, लेथवाल्याचे हात हे. म्हशीची कातडी. तुझ्यासारखे मायक्रोमीटर धरून नाजूक झालेत होय?"

"ताईला सांगते, म्हैस म्हणालात म्हणून."

"मी मला म्हणालो!"

स्टुलावर बसलेला कागद कारखान्याचा फिटर खो खो हसला. तो सकाळपासून आमच्या डोक्यावर येऊन बसला होता. त्यांच्याकडे उकळत्या कॉस्टिक सोड्याची एक लाइन आहे, तिच्या मोठ्या व्हॉल्व्हमधल्या सीट रिंगा त्याला हव्या होत्या. व्हॉल्व्हच्या पोटात जो गोळा फिरतो, तो ज्या दोन पांढऱ्या चकत्यांवर टेकतो, त्या सीट रिंगा. त्या धड असतील तर थेंब गळत नाही. धड नसतील तर काय होतं ते फिटरच्या मनगटावर लिहिलेलं आहे. तिथली कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी झालीय. तेही एका थेंबाचं काम, आणि तेही गार कॉस्टिक.

"मिस्त्री, चहा नंतर प्या हो," तो दाजींना म्हणाला. "संध्याकाळच्या आत लाइन गरम करायचीय. एकदा गरम झाली की पुढल्या वार्षिक बंदपर्यंत कुणी हात लावत नाही तिला. आणि त्या व्हॉल्व्हच्या खाली उभं कोण राहणार? मी."

"तुझं तोंड गरम आहे तेवढं पुरे," दाजी म्हणाले. "झाल्यात रिंगा. मोजपट्टी, बघ गं."

मोजपट्टी म्हणजे मी. तपासणीच्या टेबलावर बसते म्हणून फिटरनेच ठेवलेलं नाव, आणि दाजींनी ते आवडीने उचललं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. मला चिडवायचा हक्क कायद्यानेच मिळालाय असं समजतात. मी हातमोजे घातले, दोन्ही रिंगा मोजल्या. व्यास बरोबर, जाडी बरोबर, कड आरशासारखी. माझं काम मापाचं. माल कोणता, हे बघायचं काम दाजींच्या अंगठ्याचं.

हे जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाहेरच्या माणसाला आमच्याकडचं सगळं प्लास्टिक सारखंच दिसतं: पांढरं. पण एकाच घरातल्या भावंडांचे स्वभाव वेगळे असतात ना, तसं आहे ते. पीव्हीडीएफ कडक; टेबलावर आपटलं तर टणकन वाजतं. बहुतेक आम्लांना भीक घालत नाही, पण गरम कॉस्टिक लागलं की तपकिरी होतं आणि तडकतं. पीएफए आणि एफईपी दुधाळ, उजेडात धरलं तर पलीकडच्या बोटाची सावली दिसते. ती वितळवून साच्यात घालता येतात. साधं टेफ्लॉन कुठल्याही रसायनाला सहसा दाद देत नाही, वितळून वाहतही नाही, म्हणून ते रॉडमधून कापून घडवावं लागतं. पण ते अंगाने मऊ. बोल्ट आवळून ठेवले की हळूहळू दबतं, पसरतं. मग त्यात काचेचे बारीक तंतू मिसळतात. ते झालं काचवालं टेफ्लॉन. जास्त ठाम, जास्त टिकाऊ, बहुतेक व्हॉल्व्हना तेच लागतं. पण उकळतं कॉस्टिक काच खातं. प्लास्टिक तसंच राहतं, आतली काच विरघळून जाते, आणि रिंगेची चाळणी होते.

साधं आणि काचवालं शेजारी ठेवलं तर एक जरासं मळकट दिसतं, एवढंच. आमच्या दिव्यांखाली तेही कळत नाही. म्हणून रॉडच्या एका टोकाला रंग लावतात, साध्याला निळा, काचवाल्याला तांबडा, आणि कापायचं ते बिनरंगाच्या बाजूने. पण घाईत कुणीतरी रंगाच्याच बाजूने कापतो आणि उरतो बिनरंगाचा तुकडा. आमच्याकडे त्याला 'मुका' म्हणतात. मुके तुकडे खालच्या कप्प्यात जातात. ते बोलायचे फक्त दाजींच्या अंगठ्याशी.

मी इथे लागले त्या वर्षी दाजी एक खेळ करून दाखवायचे. डोळ्यांवर फडकं बांधायचे आणि म्हणायचे, द्या काय द्यायचं ते. आम्ही एकेक तुकडा हातात द्यायचो. अंगठा एकदाच फिरायचा. "साधं. पीव्हीडीएफ. काचवालं. हे पीएफए. आणि हा कुणाचा साबण आणलात रे चोरून?" सगळा कारखाना टाळ्या पिटायचा. मालक नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम त्यांच्या लेथपाशी आणायचे. दाजींना वाचता-लिहिता उत्तम येतं, तरी ते स्वतःला अंगठेबहाद्दर म्हणवून घेत. ताई लाजायची आणि खूशही व्हायची.

तर फिटर रिंगा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मिस्त्री, गळली ना, तर तुमच्याच घरी जेवायला येऊन बसेन, बँडेज बांधून."

"ये की. ताटात कॉस्टिक वाढतो," दाजी म्हणाले.

तासाभराने जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. बाकीचे दोघे लेथवाले बाहेर गेले. मालक सकाळीच बाहेरगावी गेले होते. दाजी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "कपाटातून एक नवीन टूल दे. या टूलची धार गेली."

मी किल्ली काढली, टूल दिलं, आणि डबा उघडला. पहिला घास तोंडाशी नेला तसा हात थांबला. सकाळी तर मीच कोरं टूल दिलं होतं त्यांना. त्या टूलवर फक्त त्या दोन रिंगा झाल्या होत्या. साधं टेफ्लॉन मेणासारखं कापलं जातं. दिवसभर कापा, टूलला ओरखडा येत नाही. टूलची धार खाते ती काच.

डबा तसाच टाकून मी लेथपाशी गेले. दाजी हात धुवायला गेले होते. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, रिंगा कापून उरलेलं बूड होतं. मी हातमोजा काढला आणि अंगठा फिरवला.

खरं सांगते, मला खात्री नव्हती. माझा अंगठा काही शिकलेला नाही. पण काहीतरी खरखरत होतं, बारीक वाळूचं बोट लागावं तसं. मी ते बूड काढून खिडकीत नेलं, भिंग लावलं. उन्हात तिरपं धरल्यावर आत बारीक बारीक तंतू चमकले.

बूड उलटं करून बघितलं, तिथेही तेच.

"काय बघतेस गं?" दाजी मागे उभे होते, हात पुसत.

"दाजी, हा तुकडा कुठला घेतलात?"

"खालच्या कप्प्यातला. मुका. साधा रॉड संपलाय ना, मालक घेऊन येतील तेव्हा येतील. का?"

"कोणतं आहे हे?"

"साधं."

"नीट बघा."

"त्यात काय बघायचंय?" त्यांनी तुकडा घेतला, अंगठा फिरवला. एकदा नाही, तीन-चारदा. "साधंच आहे. तू तुझी मापं बघ, मेहुणीबाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. तो चहाचा ग्लास डोळ्यांसमोर आला. आणि त्याच्या मागोमाग ताईचं बोलणं. मागच्या आठवड्यात हसत हसत म्हणाली होती, "तुझे दाजी बघ, या वयात लाडात आलेत. रोज सकाळी शर्टाची बटणं मला लावायला लावतात."

मी खालचा कप्पा ओढला आणि एक तुकडा काढला. "डोळे मिटा."

"हे काय पोरखेळ..."

"दाजी, डोळे मिटा ना."

"माझी परीक्षा घेतेस तू? तू?" त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी पण हटले नाही. म्हटलं, "हो, घेते. एवढा धीर असेल तर द्या." माझी जीभ अशीच आहे, वेळ बघत नाही.

त्यांनी डोळे मिटले. हात पुढे केला. मी तळहातावर पीव्हीडीएफ ठेवलं. त्या सगळ्या भावंडांतलं सगळ्यात कडक. शाळेतलं पोरसुद्धा नखाने ओळखेल. दाजींनी ते धरलं, अंगठा फिरवला, परत फिरवला, बोटं बदलली. कपाळावर घाम आला. आपटून बघितलं असतं तर आवाजावरून कळलं असतं, पण त्यांनी आपटलं नाही. त्यांच्या लेखी ती लबाडी होती.

"साधं," ते म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि माझं तोंड बघितलं. मग हातातल्या तुकड्याकडे. तुकडा टेबलावर ठेवला, तो टणकन वाजला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून." ते लेथला टेकले. "आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. डॉक्टर म्हणतो, मानेतली नस दबलीय. मला वाटलं, येईल परत. डोळ्यांनी भागवत होतो, रंग बघून. मुका तुकडा इतक्यात कधी घ्यावाच लागला नाही."

"आणि आज?"

"आज फिटर डोक्यावर बसला होता ना. अंगठा फिरवला. गुळगुळीत लागलं." त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "मला आता सगळंच गुळगुळीत लागतं गं."

"ताईला माहितीये?"

"तिला वाटतं मी लाडात आलोय."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी भांडते. "अहो, मग सांगायचं नाही का? चालू लेथपाशी असा हात घेऊन उभे राहता? बोट गेलं असतं तर तेही घरी जाऊन मोजावं लागलं असतं तुम्हाला!"

"आणि सांगून काय झालं असतं? हा लेथ गेला असता." त्यांनी लेथच्या चाकावर हात ठेवला. "मला दुसरं काय येतं?"

बाहेर लेथवाले हसत होते. आम्ही दोघांनीही दाराकडे बघितलं. मग दाजी हळू आवाजात म्हणाले, "ऐक. आज काही होणार नाही. उद्याही नाही. काच काही एका दिवसात जात नाही. महिना जाईल, दोन महिने. तोवर काहीतरी निमित्त काढून मी दुसऱ्या रिंगा देतो त्यांना."

"तो म्हणाला ना, वार्षिक बंदपर्यंत हात लावत नाहीत."

"काढू काहीतरी."

"आणि नाही निघालं तर?"

ते लेथच्या चाकावरची भुकटी पुसत राहिले. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. कुणालाच कळलं नसतं. रिंग गळली असती तर लोक म्हणाले असते, व्हॉल्व्ह जुना, बोल्ट ढिले. दाजी लेथवर राहिले असते, ताई बटणं लावत राहिली असती. मी मनात फिटरचं मनगट आठवू नये म्हणून धडपडत होते आणि तेच सारखं आठवत होतं.

"त्याला फोन लाव," दाजीच म्हणाले.

लावला. घंटा वाजत राहिली. कागद कारखान्यात फोन गेटवर ठेवून आत जावं लागतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कारखान्याच्या कचेरीत लावला, तिथे कुणी उचलेना. तिथेही जेवणाची सुट्टी.

"चला," मी म्हटलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

दाजी मागे बसले. एरवी माझ्या स्कूटरवर बसायची वेळ आली की "विमा उतरवून येतो" म्हणायचे. आज म्हणाले, "जोरात घे." वाटेत प्रत्येक लाल दिवा आमच्यासाठीच लागत होता. मी दोनदा शिव्या घातल्या, एकदा दिव्याला आणि एकदा पुढच्या ट्रकला. गेटपाशी पोचलो तर चिमणीशेजारच्या नळीतून पांढरी वाफ सुटलेली दिसली.

"सुरू केली वाटतं," मी म्हटलं.

"नाही. ही नुसती वाफ आहे, लाइन तापवतायत. कॉस्टिक अजून सोडलं नसेल." पण ते उतरून जवळजवळ पळतच सुटले.

गेटवरच्या रखवालदाराने पाळीच्या इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्या हेल्मेट घालून आल्या, मागोमाग फिटर. दाजींना बघून फिटर हसला. "काय मिस्त्री, बँडेजआधीच जेवायचं बोलावणं?"

"त्या रिंगा काढ," दाजी म्हणाले. "काचवाल्या आहेत त्या."

फिटरचं हसू गेलं. बाईंनी विचारलं, "पण सकाळी तुम्हीच साधं म्हणून दिलंत ना?"

"हो."

"मग आता काय बदललं?" त्या चिडल्या नव्हत्या, पण घाईत होत्या. "बघा, व्हॉल्व्ह बसवून झालाय, लाइन तापतेय. मी ती गार करून उघडायला सांगितली तर वरचे मला विचारणार, कशावरून. सकाळी तुमचा शब्द होता, आत्ताही तुमचाच शब्द आहे. मी कोणता धरू?"

प्रश्न रास्तच होता. मी पिशवीतून ते बूड आणि भिंग काढायला लागले. म्हटलं, "मॅडम, तपासणी माझ्याकडे असते. माझ्याकडूनच तुकड्यांची अदलाबदल..."

"गप्प बस," दाजी म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी उजवा हात पुढे केला, तळहात वर करून. "मॅडम, आमच्याकडे बिनरंगाचा माल माझ्या अंगठ्यावर चालतो. सकाळचा शब्द त्या अंगठ्याचा होता. आणि अंगठा बधिर झालाय. उन्हाळ्यापासून. मी कुणाला सांगितलं नाही. हिला आज कळलं, टूलची धार गेली त्यावरून. आत्ताचा शब्द तिच्या डोळ्यांचा आहे. तो धरा."

फिटर त्या हाताकडे बघत राहिला. मग स्वतःच्या मनगटाकडे.

बाईंनी भिंग घेतलं, बूड उन्हात तिरपं धरलं. खूप वेळ बघितलं. आम्हाला तर तो फारच वेळ वाटला. आत कुठेतरी वाफेचा फुसफुसाट चालू होता.

"वाफ बंद करा," बाई फिटरला म्हणाल्या.

तो पळाला. थोड्या वेळाने तो फुसफुसाट कमी होत होत थांबला. दाजी तिथेच गेटच्या कट्ट्यावर बसले. हात मांडीवर उपडा ठेवला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

आम्ही परत निघालो तेव्हा फिटर गेटपर्यंत आला. त्याला विनोद सुचत नव्हता, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, जेवायला येतोच हो. बँडेजशिवाय."

"ये," दाजी म्हणाले.

साधा रॉड मालकांनी दुसऱ्या दिवशी आणला. निळ्या टोकाचा. रिंगा दुसऱ्या लेथवाल्याने कापल्या. मालक वाईट माणूस नाहीत. दाजींना कोपऱ्यात नेऊन बराच वेळ बोलले. म्हणाले असणार की चालू चकपाशी बधिर हात नको, उद्या काही झालं तर तुमच्या बायकोला तोंड कसं दाखवू. दाजींनी मान डोलावली. परत येऊन त्यांनी लेथ पुसला, फटीफटीतली भुकटी ब्रशने काढली, वंगण दिलं, आणि आपला डगला खुंटीवरून काढून मालाच्या कपाटाशेजारच्या खुंटीवर अडकवला. आता त्यांचं काम तिथे. माल आला की रंग लावायचा, कुणी रंगाच्या बाजूने कापला की त्याच्या नावाने शंख करायचा. शंख मात्र जोरदार करतात.

ताईला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती माझ्याकडे येऊन खूप रडली. म्हणाली, "मी मेली लाड समजत होते गं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच बटणं लावली. त्यात काही बदल झाला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी सगळे गेल्यावर दाजींनी मला कपाटापाशी बोलावलं. खालचा कप्पा उघडून सगळे मुके तुकडे टेबलावर मांडलेले होते.

"हातमोजे काढ," म्हणाले. "रंग आज आहे, उद्या कुणीतरी गाढव कापेलच. एक तरी अंगठा हवा इथे."

"मला नाही जमायचं दाजी."

"मला तरी आईच्या पोटातून येत होतं काय? डोळे मीट."

मी मिटले. त्यांनी माझा अंगठा धरला आणि तुकड्यावर ठेवला. "दाबू नकोस. नुसता टेकव आणि ओढ. घसरला, अगदी ओल्या साबणावरून घसरावा तसा, तर साधं. घसरता घसरता कुणीतरी मागे खेचल्यासारखं वाटलं तर काच. नख लागलं नाही तर पीव्हीडीएफ. सांग, हे काय?"

"घसरतंय."

"मग हे?"

"हे... खेचतंय. थोडंसं."

"थोडंसंच असतं ते," ते म्हणाले. आवाजात पूर्वीची ऐट होती. "अजून एकदा. नीट."

ते माझा अंगठा धरून एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर नेत होते. पकड फार घट्ट होती. नखाशी रक्त साकळून अंगठा ठणकायला लागला होता. आपण किती जोरात धरलंय हे त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता.

मी डोळे मिटूनच ठेवले आणि म्हटलं, "दाजी, पुढचं द्या."